‘किती झाले?’ हे अमरधामातही विचारता येतं

“मॅडम, शेवटचं होतं ते. तिथे पैशाचं कसं बोलणार?”

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता ते सुरू झालं की पुढचं काय असेल याचा अंदाज येतो. कुणी वडिलांचं केलेलं असतं, कुणी सासूचं. माझ्याकडे समुपदेशनासाठी येताना झोप लागत नाही, चिडचिड होते, बायकोशी पटत नाही, अशी कारणं घेऊन येतात. काही भेटी झाल्या की पतसंस्थेचं कर्ज बाहेर येतं आणि त्याचं मूळ अंत्यविधीत आणि तेराव्यात सापडतं. आपल्याला लुबाडलं का, हा एक प्रश्न त्यांना छळत असतो. असा विचार मनात येतो म्हणजे आपण वाईट मुलगा ठरतो का, हा दुसरा. दुसऱ्याच्या धाकानं पहिला प्रश्न तोंडातून निघतच नाही.

म्हणून एका कंडक्टरच्या मुलाची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

नाशिकजवळच्या कारखान्यात ते सुपरवायझर आहेत, चाळिशीच्या आतले. वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. एका खासगी रुग्णालयात रात्री दोनच्या सुमारास ते गेले. मुलगा माझ्याकडे आला तो त्यानंतर दीड वर्षानं, आईला अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर. आई बरीच सावरली होती, पण यांची झोप गेली ती गेलीच. “आईची काळजी वाटते,” एवढंच ते सांगत राहिले. शेवटी मी विचारलं, “रात्री जागे असता तेव्हा डोळ्यांसमोर नेमकं काय येतं?”

बराच वेळ ते गप्प होते. “खरं सांगू? आई जाताना दिसत नाही. ती गेल्यावरचा खर्च दिसतो. मग स्वतःचीच लाज वाटते.”

मी त्यांना वडिलांच्या वेळचा तेरा दिवसांचा हिशेब लिहून आणायला सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. गेलेल्या माणसाचा कसला हिशेब, असं म्हणून टाळत राहिले. मीही रेटा सोडला नाही. अखेर शाळेच्या वहीतला एक कागद घेऊन आले. रुग्णालयाचं बिल सोडून खर्च होता १ लाख ३८ हजार. शववाहिका रुग्णालयानं सांगितली तीच घ्यावी लागली होती, सहा किलोमीटरला साडेपाच हजार. तिरडीचे बांबू, मडकं, कापड, गुलाल, हार असं सगळं मिळून बाहेरच्या दुकानात सात हजार; कशाचे किती ते दुकानदारानं सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. दहाव्याला घाटावर शय्यादान, गोदान धरून एकवीस हजार. सगळ्यात मोठा आकडा तेराव्याच्या जेवणाचा होता, साडेतीनशे पानांचा. आणि या सगळ्याच्या आधी, पहाटे, बिलाचे उरलेले ४२ हजार भरल्याशिवाय बॉडी मिळणार नाही असं काउंटरवर सांगितलं गेलं, तेव्हा मेव्हण्याला झोपेतून उठवून आणलेले पैसे.

“यातल्या कुठल्या रकमेच्या वेळी तुम्ही ‘किती होतील’ असं आधी विचारलं होतं?”

“एकाही नाही.”

“का?”

“बाबांसाठी घासाघीस करतोय असं वाटलं असतं.”

“कुणाला?”

मला वाटलं होतं, ते नातेवाइकांचं नाव घेतील. ते म्हणाले, “बाबांना.”

मग मी त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं. नोकरीत कसे होते? त्यांचा चेहरा बदलला. ड्युटी संपली की डेपोत पैसे भरताना वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, आणि रोकड जुळल्याशिवाय बाबा घरी येत नसत, म्हणाले. एकदा तीन रुपये कमी भरत होते तर रात्री उशिरापर्यंत बसून एकेक तिकीट तपासलं होतं. पदरचे तीन रुपये टाकून मोकळं होणं त्यांना जमलं नाही. भाजीवाल्याकडेसुद्धा आधी भाव, मग पिशवी.

मी तो वहीचा कागद त्यांच्याकडे सरकवला. “हा कागद त्यांच्या हातात दिला तर काय म्हणतील?”

ते कागदाकडे बघत राहिले. हसले. इतक्या भेटींत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. “म्हणतील, पावती कुठंय?” आणि मग ते रडले, दीड वर्ष अडकून राहिलेलं.

मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प बसता येणं हे माझ्या कामातलं सर्वांत कठीण कौशल्य आहे आणि ते मला जमतं, याचं समाधान मला आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं मी काम करते. दुःखाला हात लावायचा नाही, ते त्या माणसाचं आहे. पण दुःखासोबत एक हुकूम आत शिरलेला असतो, तो शोधून काढायचा. इथे तो होता: चांगल्या मुलानं किंमत विचारता कामा नये. हा हुकूम वडिलांनी कधी दिला नव्हता. वडिलांनी जन्मभर त्याच्या उलट केलं होतं. मुलाला हे उमगलं तेव्हा भाव विचारणं ही त्याच्यासाठी बाबांची सवय झाली, बाबांची आठवण झाली. मी कितीही समजावून सांगितलं असतं तरी त्याच्या ‘पावती कुठंय?’ या एका वाक्याची सर माझ्या बोलण्याला आली नसती.

आता जरा विस्तारानं सांगते, कारण मन मोकळं झालं तरी माहिती नसेल तर पुढच्या वेळी माणूस पुन्हा तिथेच अडकतो. हातात काही तास असतात, दुसऱ्या दुकानात चौकशी करायला सवड नसते, असा व्यवहार आयुष्यात दोन-चारदाच होत असल्यानं वाजवी भाव ठाऊक नसतो, आणि भोवती नातेवाईक उभे असतात. अमेरिकेत अंत्यविधीचे दर गिऱ्हाइकाला लेखी द्यावेत आणि फोनवर विचारले तरी सांगावेत असा नियम १९८४ पासून आहे. आपल्याकडे अंत्यविधीसाठी असा वेगळा नियम नाही, पण आपण निराधारही नाही.

बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या शुश्रूषागृह नोंदणीच्या सुधारित नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. त्या भिंतीकडे बोट दाखवून बोला. बिल बुडवा असं मी म्हणत नाही. देणं असेल तर ते राहतंच आणि ते वसूल करण्याचे कायदेशीर मार्ग रुग्णालयाकडे असतात. त्यात वडिलांचा देह ओलीस नसतो, एवढंच. डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, त्यालाही शुल्क नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदाच तसं सांगतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झाली तर विलंब शुल्क लागत नाही आणि नोंदीचा पहिला दाखला माहिती देणाऱ्याला मोफत मिळतो. त्यासाठी एजंटाला पैसे मोजू नका.

आमचीच शववाहिका घ्या ही सक्ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथेत बसते. घेतलेल्या पैशांचं बिल किंवा पावती न देणं ही त्याच कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. म्हणजे पावती मागणारा मुलगा कायद्याच्या बाजूनं उभा असतो. शववाहिकेच्या किंवा दहनाच्या बिलात कुणी जीएसटी लावला असेल तर का लावला ते विचारा; अंत्यसंस्कार, दफन, दहन आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा २०१७ च्या जीएसटी कायद्यात कराच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. दहन-दफनाची सोय हा तर राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे सोपवलेला विषय आहे. कित्येक महापालिकांच्या स्मशानभूमीत लाकूड, गॅस किंवा विद्युतदाहिनी मोफत वा नाममात्र दरात असते. म्हणून बाहेर कुणाशी बोलण्याआधी आतल्या कार्यालयात जायचं आणि पालिकेकडून काय मिळतं ते विचारायचं. गेलेली व्यक्ती ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेची, विमाधारक असेल तर अंत्यविधीच्या खर्चापोटी १५ हजार रुपयांपर्यंत मिळतात. कारखान्यातल्या कुटुंबांनाही हे अनेकदा माहीत नसतं.

फसवणूक झालीच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. कंडक्टरच्या मुलानं शववाहिकेचे पैसे मोबाइलवरून दिले होते, त्याची नोंद होती. त्यांनी रुग्णालयाला साधं एक पानी पत्र लिहिलं, शववाहिकेची सक्ती आणि न दिलेली पावती या कायद्यातल्या दोन गोष्टी लिहिल्या आणि उत्तर न आल्यास आयोगाकडे जाईन असं कळवलं. तीन हजार परत आले. साहित्याच्या दुकानाचा नाद त्यांनी सोडला, कारण कागदच नव्हता.

तरी माझ्या दृष्टीनं ते तीन हजार दुय्यम आहेत. खरं काम घरी झालं. “आईला विचारा,” असं मी सुचवलं तेव्हा ते दचकले होते. जिवंत माणसाला असं विचारायचं? त्यांनी बरेच दिवस लावले आणि एका दुपारी, पाय चोळून देता देता, विषय काढला. आईचं बोलणं झटक्यानंतर जडावलेलं होतं, पण उत्तर तयार होतं. “मला लाकडं नकोत. चुलीचा धूर जन्मभर खाल्ला, आता विजेवर जाळा.” मग म्हणाल्या, तेराव्याला गाव जेवू घालू नका, बाबांच्या वेळचं तुझं कर्ज मला माहीत आहे. मुलाला वाटत होतं की आपण ते लपवलंय. त्या माउलीला ते दीड वर्ष टोचत होतं आणि तिनंही बोलायला वाट बघितली होती.

मला भेटणारे लोक याच संभाषणाला सर्वांत जास्त घाबरतात, आणि माझा अनुभव असा की म्हातारी माणसं त्याला घाबरत नाहीत. त्यांनी आपापल्या आईवडिलांना पोचवलेलं असतं. त्यांना बोलायचं असतं. आपणच “असं अभद्र बोलू नकोस” म्हणून त्यांना गप्प करतो. जे ठरेल ते एका कागदावर लिहावं: दहन की दफन की देहदान, कुठली स्मशानभूमी, कोणते विधी, खर्चाची मर्यादा, आणि पैशांचं बोलणं कोण करणार. हे शेवटचं फार महत्त्वाचं. ज्याचं माणूस गेलं त्यानं व्यवहार करू नये. थोडा लांबचा, शांत डोक्याचा मेव्हणा किंवा शेजारी त्यासाठी ठरवून ठेवावा.

आईचं हे म्हणणं कळल्यावर चुलत्यांनी कुरकुर केलीच, समाज काय म्हणेल म्हणून. याच महाराष्ट्रात फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढून भटा-मध्यस्थांशिवाय विधी करायला शिकवलं आणि कर्ज काढून समारंभ करू नका असं गाडगेबाबा गावोगाव सांगत फिरले. समाजानं काय म्हणावं याची एवढी मोठी शिदोरी आपल्याकडे आहे, ती चुलत्यांपुढे जरूर ठेवावी.

विधी करायचे असणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास येतो, गुरुजींना आधी विचारलं तर त्यांना राग येणार नाही का? बाबांचं श्राद्ध आलं तेव्हा यांनी फोनवर सरळ विचारलं, “गुरुजी, साहित्यासह दक्षिणा किती होईल? माझी तयारी तीन हजारांची आहे.” गुरुजी म्हणाले, “अडीच हजारांत होईल. दान ऐच्छिक असतं, आधी सांगितलंत ते बरं केलंत.” श्राद्ध घरच्याच माणसांत झालं. पतसंस्थेचे उरलेले हप्ते येत्या जूनमध्ये संपतात.