आधी विचार, हा रुपया वाटपात येतो का?

तुझं टिपण वाचलं. राज्यपाल आणि कलम 356 खालची राष्ट्रपती राजवट यांवर सोळा पानं, आणि शेवटी तुझा प्रश्न: ‘केंद्र बलवान हवं की राज्यं, मला ठरवताच येत नाही.’ अगं, येणारच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1994 च्या बोम्मई निकालानंतर 356 चा दरवाजा बराच अरुंद झाला. बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात मोजायचं, हे पक्कं झालं. पण तिजोरीचा दरवाजा उघडाच आहे आणि तुझ्या सोळा पानांत त्याचा उल्लेख एका ओळीत उरकलाय. त्याचा मला राग आला, हे लपवत नाही.

कुठलाही केंद्रीय कर समोर आला की एकच विचार: हा रुपया विभाज्य निधीत, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायच्या करांत, येतो का? दर किती, कुठल्या पक्षाने लावला, हे नंतर.

कलम 270 उघड. 2000 सालच्या 80 व्या घटनादुरुस्तीआधी राज्यांना प्राप्तिकर आणि केंद्रीय उत्पादन शुल्क यांतलाच वाटा मिळे. नंतर जवळपास सगळे केंद्रीय कर वाटपात आले. आमच्या पिढीने तेव्हा समाधान मानलं आणि त्याच कलमातले अपवाद नीट वाचले नाहीत: विशिष्ट कारणासाठी लावलेला उपकर आणि कलम 271 खालचा अधिभार, म्हणजे करावरचा जादा कर, हे दोन्ही वाटपाबाहेर. या दोन्हींवर राज्यघटनेत कमाल मर्यादा नाही. हे लक्षात यायला आम्हाला फार वेळ लागला. म्हणून मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. हट्टी म्हणायचं तर म्हण.

पेट्रोल घे. फेब्रुवारी 2018 च्या अर्थसंकल्पात मूळ उत्पादन शुल्क लिटरमागे 2 रुपयांनी कमी झालं, आधीच वाटपाबाहेर असलेलं 6 रुपयांचं अतिरिक्त शुल्क रद्द झालं आणि 8 रुपयांचा रस्ते उपकर आला. एकूण कर तेवढाच राहिला. ग्राहकाला काही कळलं नाही, पण 2 रुपये वाटपातून उठून बाहेर जाऊन बसले. फेब्रुवारी 2021 मध्ये कृषी उपकर आला, तेव्हा मूळ शुल्क 2.98 वरून 1.40 रुपयांवर आलं. मे 2022 च्या कपातीनंतर केंद्राचा एकूण कर लिटरमागे 19.90 रुपये होता: मूळ शुल्क 1.40, विशेष अतिरिक्त शुल्क (हाही अधिभारच) 11, रस्ते उपकर 5, कृषी उपकर 2.50. वाटपात येत होते फक्त 1.40.

आता हिशेब कर. राज्यांचा वाटा सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने (2021-26) राज्यांना वाटपातले 41 टक्के दिले, म्हणजे 1.40 पैकी सुमारे 57 पैसे, तेही 28 राज्यांत मिळून. त्यात महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के होता, म्हणून हाती यायचे साडेतीन पैशांच्या आसपास. सगळे 19.90 वाटपात असते तर हेच सुमारे 51 पैसे झाले असते. वसुलीचा खर्च वजा व्हायचा असतो, तो इथे धरलेला नाही. तुझ्या टिपणात तो धर.

‘उपकराचे रस्ते राज्यांतच होतात ना?’ असं कुणीतरी विचारेलच. होतात. पण कुठला रस्ता आधी, हे दिल्ली ठरवते. वाटपाचा पैसा विनाअट येतो. त्यातून शाळा बांधायची की बंधारा, हे विधानसभा ठरवते. शिवाय ज्या कारणासाठी उपकर घेतला त्याच खात्यात तो गेला का, हेही बघ. 2017-18 आणि 2018-19 या दोन वर्षांत जीएसटी भरपाई उपकरातले 47,272 कोटी रुपये भरपाई निधीत जमाच झाले नव्हते, असं महालेखापरीक्षकांनी नोंदवलं.

जीएसटी परिषदेवर तू फार लिहिलंयस. तिथे केंद्राच्या मताला एक तृतीयांश वजन, राज्यांना मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय ठराव होत नाही. मात्र सगळे हजर असताना 31 पैकी (28 राज्यं आणि विधानसभा असलेले 3 केंद्रशासित प्रदेश) 12 अडून बसली तर केंद्राचाही होत नाही. एवढं पुरे. गोव्याचं मत महाराष्ट्राच्या मताइतकंच जड, हे हवं तर तळटिपेत टाक.

कामाचा क्रम सांगतो. केंद्रीय अर्थसंकल्पातलं प्राप्तीचं पुस्तक काढ. एकूण करउत्पन्न लिही, त्यातून उपकर, अधिभार आणि वसुलीचा खर्च वजा कर, उरलेल्याचे 41 टक्के काढ. मग राज्यांना गेलेली रक्कम एकूण करउत्पन्नाने भाग. टक्का 41 च्या खाली येईल. किती खाली, ते दहा वर्षांचं सलग मांड. एकाच वर्षाचा आकडा घेतलास तर तो अपवाद म्हणून झटकतील. चालू वर्षाच्या अंदाजाशी मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा जोडू नकोस, सगळे इथेच घसरतात.

आणि हाच हिशेब मंत्रालयाच्या दारातही कर, नाहीतर तुझं म्हणणं अर्धवट राहील. जकात गेल्यावर मुंबई महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर टेकली. पालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी कारभार प्रशासकाकडेच होता. कलम 243-वाय प्रमाणे राज्य वित्त आयोगाने पालिकांचा वाटा सुचवायचा असतो. त्या शिफारशींचं काय झालं, ते शोध.

राज्यपालांची पानं तूर्त बाजूला ठेव. पेट्रोलचं एक पान आधी पाठव, बेरजांसकट.