३०० फुटांचा खडीचा ड्राइव्हवे, २४ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर: बर्फासाठी काय जोडावं?

तुम्ही दिलेली माहिती आधी एका जागी मांडतो. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूसच्या दक्षिणेला डोंगराळ भागात घर घेतलंय. ड्राइव्हवे ३०० फूट लांब, १० फूट रुंद, खडीचा आणि रस्त्याकडे उतरता. गवतासाठी २४ हॉर्सपॉवरचा सबकॉम्पॅक्ट ट्रॅक्टर घेतलाय, पुढे लोडर (उचलणारे हात) आणि बकेट, मागे थ्री-पॉइंट लिंकेज (अवजार तीन बिंदूंवर जोडायची सोय) आणि पीटीओ (इंजिनची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा). डीलर म्हणतो पुढे लावायचा स्नोब्लोअर (बर्फ आत ओढून लांब फेकणारं यंत्र) घ्या, शेजारी म्हणतो मागे ब्लेड लावा नि विषय संपवा, आणि तुम्हाला वाटतंय की बकेटनेच भागेल.

माझं मत: मागचा स्नोब्लोअर घ्या, पीटीओवर चालणारा, ५० इंचाच्या आसपास रुंदीचा. बकेट पुढे आहे तशीच राहू द्या. डीलरचं आणि शेजाऱ्याचं ऐकायला हरकत नाही, पण दोघांनीही तुमच्या फेब्रुवारीचा विचार केलेला दिसत नाही.

फेब्रुवारी का, ते सांगतो. आपल्याकडचा बर्फ हा लेक ऑन्टॅरियोची कृपा. थंड वारा सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून येतो, वाफ उचलतो आणि जमिनीवर चढला की सगळी इथे ओततो. लेक ईरी उथळ आहे, तो गोठला की बफेलोकडचा हा प्रकार बराच आटोक्यात येतो. ऑन्टॅरियो खोल, तो सहसा पूर्ण गोठतच नाही, त्यामुळे इथे हे हिवाळाभर चालू राहतं. सिराक्यूसची वर्षाची सरासरी १० फुटांच्या आसपास आहे, उत्तरेला टग हिलवर तर त्याच्या जवळपास दुप्पट. आणि मधल्या काळात तो नीट वितळत नाही. म्हणजे डिसेंबरात बाजूला सारलेला बर्फ मार्चपर्यंत तिथेच बसून असतो, दगडासारखा होऊन.

आता हिशोब करा. तुमच्या ड्राइव्हवेवर एक फूट बर्फ पडला तर तो झाला ३००० घनफूट. ताजा, भुसभुशीत बर्फ घनफुटाला साधारण सहा पौंड, म्हणजे सगळा मिळून अठरा हजार पौंड, आठ टनांच्या वर. छोट्या ट्रॅक्टरच्या बकेटमध्ये १० घनफूटसुद्धा नीट मावत नाही. बकेटने उचलून नेऊन टाकायचं म्हटलं तर शेकडो फेऱ्या होतील, तोवर पुढचा पडायला लागेल. बकेटने ढकलताही येतं, पण ती खडीत घुसते. मार्चमध्ये बर्फ गेला की निम्मी खडी लॉनवर पसरलेली सापडते आणि मग एप्रिल ती रेकने ओढण्यात जातो. बकेट किंवा ब्लेडच्या धारेवर उभा चिरलेला पीव्हीसी पाइप बसवतात लोक, त्याने धार खडीवरून घसरत जाते. स्वस्त उपाय आहे, चालतो. पण फेऱ्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

शेजाऱ्याच्या ब्लेडबद्दल. मागचं ब्लेड म्हणजे आपल्या गावाकडच्या लेव्हलरचाच भाऊ, तिरकं करता येणारा. काही शे डॉलरमध्ये मिळतं, त्यात बिघडण्यासारखं काही नसतं, वापरलेलंही बिनधास्त घ्यावं. न्यू जर्सीत एडिसन-प्रिन्स्टनकडे राहणारे आपले लोक तुम्हाला ब्लेडच सुचवतील, आणि त्यांच्यापुरतं ते बरोबर आहे: तिथे सहा इंच पडतो आणि पुष्कळदा आठवड्याच्या आत वितळून जातो. इथे ब्लेड प्रत्येक वेळी कडेला एक बांध घालतं. पुढच्या वेळी तो बांध आणखी थोडा आत सरकतो. तो गोठला की तुमचा हलका ट्रॅक्टर त्याला हलवू शकत नाही, चाकं जागच्या जागी फिरतात. दहा फुटांचा रस्ता आठ फुटांचा होतो, मग सातचा. प्रोपेन टाकीत भरायला येणारा ट्रक वर यायला नकार देतो, आणि ॲम्ब्युलन्सची गोष्ट तर बोलायलाच नको. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मोठा असेल, ड्राइव्हवे आखूड असेल किंवा बाजूला मोकळं शेत असेल, तर त्याला ही अडचण कधी आलीच नसेल. स्नोब्लोअर बर्फ वीस-तीस फूट लांब फेकतो, त्यामुळे बांधच तयार होत नाही. इथे सगळा खेळ बर्फ शेवटी कुठे ठेवायचा याचा आहे.

मग पुढचा ब्लोअर की मागचा? पुढचा चालवायला सुखाचा, यात वाद नाही. समोर बघत जायचं, मान दुखत नाही. पण तो मिड-पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मध्यावरच्या पीटीओवर) चालतो, त्यासाठी ट्रॅक्टरच्या पोटाखाली वेगळी फ्रेम आणि शाफ्ट बसवावा लागतो, आणि लोडर काढून ठेवावा लागतो. किंमत मागच्यापेक्षा बरीच जास्त. शिवाय पुढे एवढं वजन आलं की मागे वेगळं वजन बांधावं लागतं, नाहीतर मागची चाकं हलकी पडतात. केबिनवाला ट्रॅक्टर आणि सढळ खिसा असेल तर जरूर घ्या. तुमच्या बाबतीत मला लोडर घालवणं पटत नाही, कारण तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी त्याचं काम आहे.

ते तोंडाचं काम असं. तुम्ही सगळं साफ करून घरात जाता, चहा ठेवता, आणि टाउनचा प्लाऊ (बर्फ ढकलणारा ट्रक) रस्त्यावरून जाताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी दोन फूट उंच, चार फूट जाड बांध घालून जातो. हा बर्फ वेगळा असतो: मीठ मिसळलेला, ओला, त्यात गोठलेले ढेकूळ, दगड, कधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं वर्तमानपत्र. हा तासाभरात घट्ट होतो. यात ब्लोअर थेट घुसवायचा नाही. आधी बकेटने फोडायचा, मोठे ढेकूळ उचलून बाजूला टाकायचे, मग उरलेल्यावर ब्लोअर. आणि तो बर्फ रस्त्यापलीकडे ढकलायचा मोह आवरा. न्यूयॉर्क राज्यात सार्वजनिक रस्त्यावर बर्फ टाकणं बेकायदा आहे, त्यावरून कोणाची गाडी घसरली तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.

मागच्या ब्लोअरचा आणखी एक फायदा कोणी सांगत नाही. तो चार-पाचशे पौंडांचा लोखंडी गोळा मागे लटकलेला असतो. बकेट भरून उचलली की ट्रॅक्टरचं मागचं अंग उचलायला बघतं, ते या वजनाने दाबलं जातं. वेगळं वजन विकत घ्यायला नको.

तोटा एकच, उलटं चालवायचं. मान वळवून मागे बघत ३०० फूट. हायड्रोस्टॅटिक पेडल (गिअर न बदलता पायानेच वेग आणि दिशा बदलणारं) असेल तर त्रास कमी, गिअरवाला असता तर मी दोनदा विचार केला असता. उलटा तोंड केलेला ब्लोअरही मिळतो, सरळ पुढे जात मागे ओढायचा, पण त्यात आधी चाकं बर्फावरून जातात आणि तो दाबला जातो. मोठ्या ट्रॅक्टरला ठीक, तुमच्याला नको.

रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपेक्षा थोडी जास्त हवी, नाहीतर चाक न काढलेल्या बर्फात चालतं. ढोबळ हिशोब, ब्लोअरच्या प्रत्येक फुटाला पीटीओवर चार-पाच हॉर्सपॉवर. तुमच्या २४ पैकी पीटीओला १८ च्या आसपास पोचतात, म्हणून ५० इंच. डीलर ६० इंची दाखवेल, घेऊ नका, ओल्या बर्फात इंजिनचा जीव जाईल. चालवताना इंजिन पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या खुणेवर ठेवायचं, ॲक्सिलरेटर कमी-जास्त करायचा नाही. बर्फ जाड आला की पेडल सैल सोडून ट्रॅक्टरचा वेग कमी करायचा. आवाज खाली गेला म्हणजे तुम्ही जास्त वेगात आहात, एवढं कानाने कळतं.

खडीसाठी ब्लोअरच्या दोन्ही बाजूंना स्किड शूज (जमिनीवर टेकून घसरणाऱ्या लोखंडी पट्ट्या) असतात. ते खाली करून धार जमिनीपासून इंचभर वर ठेवा. पहिले एक-दोन बर्फ पूर्ण काढूच नका, गाडीच्या चाकांखाली दाबू द्या. तो थर गोठला की खडी त्याखाली अडकून बसते आणि हिवाळाभर वरून काढायला पक्का पृष्ठभाग मिळतो. नोव्हेंबरात जमीन मऊ असताना खडी उडते आणि ती गाडीच्या काचेला लागते, म्हणून श्यूटचं (बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळीचं) तोंड घराकडे, गाडीकडे कधीही नको. जमीन गोठायच्या आत दोन्ही कडांना फायबरग्लासच्या काठ्या ठोकून ठेवा. आणि सेप्टिकच्या लीच फील्डवरून (सांडपाणी जमिनीत मुरतं त्या जागेवरून) ट्रॅक्टर नेऊ नका, बर्फ दाबला गेला की खालची माती लवकर गोठते.

आता शिअर बोल्ट. पुस्तिकेत याबद्दल दोन ओळी असतात, प्रत्यक्षात हिवाळ्यातला निम्मा वैताग इथेच आहे. ऑगरमध्ये (बर्फ आत ओढणाऱ्या फिरत्या स्क्रूमध्ये) दगड अडकला की गिअरबॉक्स वाचावा म्हणून हा मऊ बोल्ट मुद्दाम तुटतो. टक् असा आवाज येतो, पंखा फिरत राहतो पण ऑगर किंवा त्याची एक बाजू थांबते, आणि श्यूटमधून येणारी धार कमी होते. इंजिन बंद करून खाली उतरायचं, टॉर्च तोंडात धरायचा, ऑगर हाताने फिरवून भोकं जुळवायची आणि पंच-हातोडीने तुटका तुकडा बाहेर ठोकायचा. हातमोजे घालून नट लागत नाही, काढले तर बोटं बधिर होतात, आणि नट बर्फात पडला की गेलाच. म्हणून बोल्ट, जास्तीचे नट, पंच, हातोडी आणि दोन पाने एका डब्यात घालून ट्रॅक्टरवरच बांधून ठेवा. सतत तुटतात म्हणून चिडून त्या जागी कडक ग्रेडचा बोल्ट मात्र घालू नका. पुढच्या दगडाला मग बोल्टऐवजी गिअरबॉक्स जाईल, आणि त्या किमतीत दुसरं ब्लेड येतं.

मार्चच्या ओल्या बर्फाने श्यूट तुंबतं. तेव्हा पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि तरीही हात नाही, काठी. ऑगरमध्ये ताण अडकलेला असतो, तुंबलेलं मोकळं झालं की इंजिन बंद असूनही तो झटका घेतो. दरवर्षी लोकांची बोटं अशीच जातात. पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण तडकलं असेल तर नवीन घ्या. गावाकडे रोटाव्हेटरवर आवरण नसलेला शाफ्ट सर्रास दिसतो, म्हणून आपल्याला त्याची भीती वाटत नाही. इथे जाड जॅकेट, मफलर, लोंबणाऱ्या दोऱ्या, सगळं गुंडाळलं जायला तयारच असतं.

उतारासाठी मागच्या चाकांना साखळ्या घ्याच. ट्रॅक्टरला आलेले जाड ठोकळ्यांचे टायर मातीत छान, गोठलेल्या थरावर घसरतात. वजन वाढावं म्हणून टायरमध्ये बीटचा रस भरून देतात डीलर, तो गोठत नाही आणि रिमही गंजत नाही. उतरताना फोर-व्हील चालूच ठेवा. या छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक बहुतेक मागच्या चाकांनाच असतात, फोर-व्हील असेल तरच पुढची चाकंही रोखून धरतात. डिझेल हिवाळी मिश्रणाचं भरा आणि अँटी-जेल (डिझेल घट्ट होऊ नये म्हणूनचं मिश्रण) थंडी पडायच्या आधी टाका. थंडीने डिझेलात मेण धरल्यावर टाकून उपयोग नाही.

तुम्ही किंमत विचारलीत. नवा मागचा ब्लोअर दोन ते पाच हजार डॉलरच्या दरम्यान. वापरलेला घ्यायचा तर ऑगर हाताने फिरवून बघा, गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल गळतंय का पाहा, आणि कॅटेगरी १ च्या (छोट्या ट्रॅक्टरच्या जोडणीच्या मापाच्या) पिना आहेत ना याची खात्री करा. तीन बिंदूंची ही जोडणी हॅरी फर्ग्युसनची, १९३९ च्या फोर्ड ट्रॅक्टरबरोबर ती सगळीकडे पोचली, त्यामुळे कोणत्याही कंपनीचा ब्लोअर तुमच्या ट्रॅक्टरला बसेल, अगदी इकडे सर्रास दिसणाऱ्या लाल महिंद्रालाही. फक्त पीटीओ शाफ्टची लांबी मापून घ्या. लिफ्ट वर-खाली करून सर्वात कमी अंतर येतं तिथे तो टेकता कामा नये, बहुतेक वेळा कापावा लागतो.

आणि नोव्हेंबर अर्धा संपलाय. आत्ता चांगले ब्लोअर डीलरकडे उरलेले नसतील, असतील त्यांचा भाव चढा असेल. या हिवाळ्यापुरता पिकअपवर प्लाऊ लावून येणारा कोणीतरी ठरवा आणि ब्लोअर एप्रिल-मेमध्ये बघा. ठरवताना त्याला तीन गोष्टी विचारा: किती इंच पडल्यावर येणार, खडीवर प्लाऊला शूज लावणार का, आणि ढकललेला बर्फ कुठे लावणार. उताराच्या वरच्या बाजूला लावतो म्हणाला तर नाही म्हणा. दुपारी वितळलेलं पाणी ड्राइव्हवेवरून वाहतं आणि रात्री त्याची काच होते.