यीस्टमध्ये गॅलॅक्टोज साखर टाकूनही तिच्यावर चालणारं जीन चालू होत नाही? आधी ग्लुकोज बघ

अरे भाऊ, लगेच नवीन प्लास्मिड (जीन पेशीत नेणारा डीएनएचा गोल तुकडा) बनवायच्या मागे काहून लागतो, मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) ग्लुकोज उरलंय का ते आधी बघ. ग्लुकोज असलं की मिग१ नावाचं प्रोटीन खोडा घालतं, जीन चालू करणारं गॅल४ प्रोटीन बनणंच कमी होतं. म्हणून पेशी रात्रभर रॅफिनोजमध्ये (असा खोडा न घालणाऱ्या साखरेत) वाढव, तिथं गॅल४ डीएनएवर बसलेलं असतं पण गॅल८० हे दुसरं प्रोटीन त्याला दाबून धरतं, मग २% गॅलॅक्टोज टाकलं की गॅल३ प्रोटीन त्या गॅल८०ला ओढून घेतं अन् ट्रान्सक्रिप्शन (जीनवरून आरएनए बनणं) सुरू, सोपं आहे ना बे. अन् हो, नागपूरचा मे आहे बापा, कूलिंग नसलेला शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) यीस्टला लागणाऱ्या ३० डिग्रीवर टिकतच नाही, डिस्प्लेवर जाऊ नको, पाणी भरलेल्या फ्लास्कमध्ये थर्मामीटर घालून बघ.