हे निस्तरायला किती वेळ लागेल?

बस चुकणे, कामात चूक निघणे, कोणी चारचौघांत टाकून बोलणे, अशा गोष्टींनी अख्खा दिवस नासतो. अशा वेळी मनाचा तोल कसा सांभाळावा, असे आपण विचारले आहे.

श्रीवर्धनला आमचे नारळी-पोफळीचे आगर आहे आणि मला सापडलेले उत्तर त्या आगरातलेच आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने आजोबांच्या हातच्या पोफळी मधोमध मोडून एकमेकींवर आडव्या पडल्या. विहिरीकडे जाणारी रोजची वाटही दिसेना. कोयत्याने झावळ्या तोडत तिथवर पोहोचायला आम्हाला दोन दिवस लागले. पोफळ लावल्यावर धरू लागायला पाच-सहा वर्षे जातात, कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही म्हणून शेजारी केळी लावून सावली करावी लागते, आणि मोठ्या झाडांची सावली गेल्यामुळे आमची जायफळेही पुढच्या उन्हाळ्यात करपली.

"त्या मानाने तुझी बस चुकली हे काहीच नाही," असे मी आपल्याला म्हणणार नाही. मोठे दुःख पुढे करून लहान दुःखाला गप्प बसवले, तर ते आत धुमसत राहते, असा माझा अनुभव आहे. मी तुलना करत नाही. काही बिघडले की हे निस्तरायला किती वेळ लागेल, एवढेच स्वतःला विचारतो आणि उत्तर शक्यतो मोठ्याने उच्चारतो.

एका वर्षी अंगणात वाळत घातलेली सुपारी अवकाळी पावसात भिजली. सुपारी वाळायला सुमारे 40 दिवस लागतात आणि ती निम्म्यावर आली होती. त्या संध्याकाळी घरात कोणाशी बोलावेसे वाटेना. पण हिशेब केला तेव्हा उत्तर निघाले, एक हंगाम. डागाळलेली सुपारी निवडून वेगळी काढायची, कमी भावात द्यायची आणि उरलेली पुन्हा उन्हात पसरायची. हंगाम पुन्हा येतो, हे एकदा कळले की हात कामाला लागतात. चुकलेल्या बसचे उत्तर तर तासाभराचे असते, आणि तेवढा तास चिडायला मी स्वतःला मुभा देतो.

अपमानाचे मात्र निराळे असते, कारण तो किती दिवस पुरेल हे आपणच ठरवत असतो. गावच्या बैठकीत चुलतभाऊ मला नको ते बोलला, ते मी दोन रात्री घोळवत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पडवीत जाऊन बसलो आणि "दादा, तुझे ते बोलणे मला लागले," एवढेच म्हटले. तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग वहिनीला हाक मारून त्याने माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.