दुखत नसलेल्या दाढांना कॅप: निधी मोडावा, हप्ते घ्यावेत की थांबावं?

प्रश्न, थोडक्यात: नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी खालच्या दोन दाढांना (दंतवैद्यांच्या क्रमांकात 36 म्हणजे डावी आणि 46 म्हणजे उजवी) कॅप, चार दातांच्या फटीत फिलिंग आणि हिरड्यांचं डीप क्लिनिंग सांगितलं. दोन्ही दाढांत जुनं चांदीचं फिलिंग आहे, दुखत मात्र काहीच नाही. एकूण अंदाज आमच्या दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढा, त्यातला दोन-तृतीयांश कॅपचा. आठवड्याभरात होकार दिला तर 10 टक्के सूट, नाहीतर पूर्ण रकमेचे 12 बिनव्याजी हप्ते. आपत्कालीन निधी चार महिन्यांचा आहे. काय करावं?

उत्तर: या आठवड्यात निधी मोडू नका, हप्त्यांच्या कागदावर सहीही करू नका. त्याऐवजी आधी थोडा पैसा माहितीवर खर्च करा. तुमच्या हातात सात कामांचं एकच बिल दिलं आहे आणि तुम्ही सगळ्यालाच हो किंवा नाही म्हणायला निघाला आहात. यातलं प्रत्येक काम वेगळं आहे. काहींमध्ये उशीर महागात पडतो, तर काहींमध्ये घाई.

सर्वांत जास्त पैसा कॅपमध्ये आहे, म्हणून तिथेच जास्त वेळ घालवू. कॅपसाठी दाढ वरून साधारण 1.5 ते 2 मिमी आणि चारही बाजूंनी सुमारे 1 ते 1.5 मिमी घासावी लागते. घासलेला भाग परत येत नाही. कॅपलाही आयुष्य असतं, ती कधीतरी बदलावी लागते. शिवाय घासलेल्या काही दाढांची नस पुढे मरते आणि मग कॅपमधूनच रूट कॅनाल करावं लागतं. म्हणजे आज दिसतो तो आकडा पहिल्या हप्त्यासारखा समजा.

फिलिंग जुनं आहे, काळं पडलंय, कडेला रेघ दिसते, एवढ्यावर कॅप ठरत नाही. दाताच्या वरच्या आवरणावरच्या बारीक रेघा तर बहुतेक प्रौढांत असतात. कॅपची गरज पटते ती दाढेचा एखादा उंचवटा तुटला असेल, फिलिंगची रुंदी उंचवट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त असून उरलेल्या भिंती पातळ झाल्या असतील, रूट कॅनाल झालेल्या दाढेचा बराच भाग गेला असेल, किंवा चावताना, विशेषतः चावा सोडताना सणक येत असेल तेव्हा. ही शेवटची खूण खऱ्या तड्याची असते. ती तपासायला दंतवैद्य एकेका उंचवट्यावर छोटी पट्टी ठेवून चावायला लावतात. तुमच्या दाढांवर ही चाचणी झाली होती का, हे विचारा.

थांबण्याचा धोका पैशात असा मोजा. तडा मुळापर्यंत गेला तर दाढ काढावी लागते. समजा, त्यानंतरचं इम्प्लांट कॅपच्या तिप्पट महाग आहे. थांबल्यामुळे असं होण्याची शक्यता 20 पैकी 1 असेल, तर अपेक्षित नुकसान कॅपच्या किमतीच्या 15 टक्के. शक्यता 3 पैकी 1 असेल, तर तेच नुकसान पूर्ण एका कॅपएवढं. हे आकडे फक्त हिशेबाची रीत दाखवायला घेतले आहेत. तुमच्या दाढेसाठी डॉक्टरांना सरळ विचारा: “दोन वर्षं काही केलं नाही, तर या दाढेचं काय होईल असं तुम्हाला वाटतं आणि कशावरून?” 36 आणि 46 साठी उत्तर वेगवेगळं मागा.

फटीतल्या चार फिलिंगसाठी बाइटविंग, म्हणजे दातांमधल्या फटी दाखवणारा छोटा एक्स-रे बघा. संपूर्ण जबड्याचा एकच मोठा एक्स-रे (ओपीजी) इथे पुरत नाही, सुरुवातीची बारीक कीड त्यात नीट दिसत नाही. कीड वरच्या आवरणापुरती असेल आणि खड्डा पडला नसेल, तर फ्लोराइड, फ्लॉस आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एक्स-रे, एवढ्यावर ती थांबू शकते. खड्डा पडून कीड आतल्या थरात उतरली असेल, तर मात्र टाळू नका. आजचं छोटं फिलिंग टाळलं तर पुढे रूट कॅनाल आणि कॅप असा खर्च वाढत जातो.

डीप क्लिनिंगचा निर्णय मापांवर होतो. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीची खोली मोजतात. 1 ते 3 मिमी ठीक, 4 मिमी आणि रक्त येत असेल तर लक्ष ठेवण्याजोगं. 5 मिमी किंवा जास्त आणि एक्स-रेत हाड झिजलेलं दिसत असेल, तर काम खरंच लागतं, आणि मग तेच सगळ्यात आधी करा. गेलेलं हाड सहज परत येत नाही, आणि हिरडी सुजलेली असताना बसवलेल्या कॅपची कडही नीट बसत नाही. मापांचा तक्ता मागा. तो बनवलाच नसेल, तर आधी तो बनवून घ्या.

दुसरं मत घेताना एक्स-रेच्या मूळ डिजिटल फाइल न्या, मोबाइलवर काढलेला फोटो नको. पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते सुरुवातीला बोलू नका. “फक्त तपासणी हवी आहे, काम इथे करणार नाही” असं आधीच सांगून त्याची फी द्या. म्हणजे त्या मताला पुढच्या कामाचं आमिष राहत नाही. दोन मतं जुळली तर कॅपचे पैसे निश्चिंतपणे खर्च करता येतील.

आता हप्ते. रोख दिल्यास 90 आणि हप्त्यांनी 100 असेल, तर ते बिनव्याजी नाहीत. महिन्याअखेरचे 12 समान हप्ते धरले तर व्याज वर्षाला सुमारे 20 टक्के पडतं, पहिला हप्ता लगेच भरायचा असेल तर आणखी जास्त. अशा योजनांत बरेचदा कर्ज वेगळी संस्था देते आणि क्लिनिकला रक्कम आधीच मिळते. काम मध्येच सोडलं तरी हप्ते चालू राहू शकतात. 10 टक्के सवलतीची मुदत 60 दिवसांची लेखी करून मागा.

या काळात सूज, ताप, रात्री ठणका, किंवा गार लागल्यावर अर्ध्या मिनिटाहून जास्त टिकणारी कळ आली, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून लगेच दाखवा. गिळायला, श्वास घ्यायला किंवा तोंड उघडायला त्रास झाला, तर थेट रुग्णालयात जा.

दुसऱ्या मतानंतर क्लिनिंग आणि एक-दोन फिलिंग उरली, तर ती चालू उत्पन्नातून भागवा. एका दाढेत तडा नक्की झाला, तर त्या एका कॅपसाठी निधीला हात लावणं योग्यच आहे. एका कॅपचा खर्च तुमच्या हिशेबाने महिन्याच्या घरखर्चाचा दोन-तृतीयांश, म्हणजे निधी चारवरून साडेतीन महिन्यांच्या थोडा खाली येईल. तो भरून निघेपर्यंत दुसरी दाढ थांबू शकते का, हे विचारून घ्या. दातांचा विमा असेल, तर वर्षाची मर्यादा बघा आणि कामाआधी मंजुरी घ्या. दुसरी कॅप पुढच्या विमावर्षात गेली, तर मर्यादा दोनदा वापरता येईल.