घोरण्यावर घरगुती उपाय: आधी आवाज कुठून येतोय ते बघा

घोरण्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि ठाणे-नवी मुंबईतून एवढे आले की सगळे घेणं शक्यच नाही, सारखे सारखे होते ते एकत्र केलेत. जवळजवळ सगळे शेजारी झोपणाऱ्यांचे आहेत, घोरणाऱ्यांचे नाहीत, आणि साहजिक आहे, घोरणाऱ्याला स्वतःला कुठे काय ऐकू येतं!

प्रश्न (कोपरखैरणे): आमचं वन बीएचके आहे. मिस्टर पडले की दहा मिनिटांत सुरू, बाहेर हॉलमध्ये सासूबाईंची पण झोपमोड होते. त्या म्हणतात रात्री तो झोपला की नाकात साजूक तुपाचे दोन थेंब सोड. हळद-दूध देऊन बघितलं, फरक शून्य. तूप घालू का?

उत्तर: नका घालू. नाक आतून कोरडं पडून खपल्या धरत असतील तर जागेपणी बोटाला किंचित तूप लावून कडेला फिरवलं तर बरं वाटतं, तेवढंच. झोपलेल्या माणसाच्या नाकात तेल-तूप सोडलं की ते घशातून खाली उतरतं, आणि रोज थोडं थोडं फुफ्फुसात गेलं तर तिथे न्यूमोनियासारखी सूज येऊ शकते. सासूबाईंना सांगा डॉक्टर नाही म्हणाल्या, माझ्यावर ढकला, मला सवय आहे. हळद-दूध खुशाल द्या, पण त्याने घोरणं थांबत नाही.

आता आवाज होतो कसा ते समजून घ्या, मग उपाय आपोआप सुचतात. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, टाळूचा मागचा मऊ भाग आणि पडजीभ सैल होते, जीभ मागे सरकते, वाट अरुंद होते, आणि त्या अरुंद वाटेतून हवा जोरात जायला लागली की ते सगळं पावसाळ्यात खिडकीवर बांधलेल्या ताडपत्रीसारखं फडफडतं. म्हणजे अडथळा नाकात असू शकतो, टाळूपाशी असू शकतो, जिभेच्या मुळाशी असू शकतो, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. शेजारणीच्या नवऱ्याला लागू पडलं ते तुमच्या नवऱ्याला पडत नाही त्याचं कारण हेच.

म्हणून आधी दोन-तीन रात्री मोबाइल उशाशी ठेवून आवाज रेकॉर्ड करा आणि तीन गोष्टी बघा. उताणे असतानाच घोरतात की कुशीवर पण, तोंड उघडं असतं की बंद, आणि आवाज सलग आहे की मधेच बंद पडून परत दचकून सुरू होतो. तिसऱ्या गोष्टीबद्दल पुढे कळव्याच्या प्रश्नात लिहिलंय, ते नक्की वाचा.

फक्त उताणे असताना घोरत असतील तर तुमचं काम सोपं आहे. जुन्या टीशर्टला पाठीवर दोन खांद्यांच्या मधे खिसा शिवा, त्यात टेनिसचा बॉल घाला आणि तो घालून झोपू द्या, उताणं झालं की टोचतं आणि माणूस झोपेतच कूस बदलतो. गंमत वाटेल पण उपाय खरा आहे, फक्त बरेच जण चार दिवसांत वैतागून सोडतात. त्यांच्यासाठी पाठीशी घट्ट लोड लावायचा, किंवा जाड टॉवेलची गुंडाळी करून तीच खिशात घालायची. दुसरं, दोन-तीन उशा एकावर एक नको, त्याने मान पुढे वाकून वाट उलट आणखी बंद होते. डोक्याकडची बाजूच चार ते सहा इंच वर पाहिजे. पलंगाला पाय असतील तर खाली लाकडी ठोकळे ठेवा, पण हल्ली सगळ्यांकडे स्टोरेजवाले बॉक्स बेड, ते कुठले उचलताय, मग उताराची फोमची उशी मिळते ती कमरेपासून वर घ्यायची.

प्रश्न (घोडबंदर रोड, कासारवडवलीच्या पुढे): माझ्याकडे उलटं आहे, बायको घोरते. वय ४८. विषय काढला की चिडते, बायका कुठे घोरतात म्हणते. नाक कायम चोंदलेलं, पाळी थांबल्यापासून जास्तच वाढलंय. झोपताना नाकात ड्रॉप टाकते, केमिस्टकडून आणलेले, आता बरेच महिने झाले.

उत्तर: बायका घोरतात हो, आणि पाळी थांबल्यावर प्रमाण वाढतंच, हार्मोन कमी झाले की घशाच्या स्नायूंचा ताण कमी होतो, वजनही वाढतं. तिला हे माझ्या नावाने वाचून दाखवा, पण हसत हसत नको. थायरॉइड तपासलं नसेल तर एकदा तपासून घ्या, ते कमी असलं तरी घोरणं वाढतं.

पण तुमच्या प्रश्नातला खरा चोर ते ड्रॉप आहेत. नाक मोकळं करणारे ते झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनवाले ड्रॉप तीन, फार तर पाच दिवसांसाठी असतात. त्यापुढे वापरले की औषध उतरलं की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, मग परत ड्रॉप, परत सूज, आणि माणसाला वाटतं माझं नाक याच्याशिवाय उघडतच नाही. माझ्या ओपीडीत अशी माणसं सतत येतात, बाटली खिशातच असते. ईएनटीला दाखवून हे सोडवता येतं, एक नाकपुडी आधी सोडायची आणि मग दुसरी, सोबत दुसरा औषधी स्प्रे देतात, पहिले काही दिवस त्रास होतो.

घरी काय करायचं तर मिठाच्या पाण्याने नाक धुणं, जलनेती म्हणा किंवा केमिस्टकडच्या बाटली-पाकिटाने करा, झोपायच्या तासभर आधी. यात एकच नियम आणि तो मोडायचा नाही: पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं थेट नको, फिल्टरचंही उकळल्याशिवाय नको. केरळातल्या मेंदूत शिरणाऱ्या अमिबाच्या बातम्या वाचल्या असतील, तो अमिबा नाकातूनच शिरतो, तेच पाणी प्यायल्याने होत नाही. आणि तुमच्या भागात बांधकामं, मेट्रो, ट्रक, धूळ आहेच, तर चादरी-उशांचे अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, एसीची जाळी काढून धुवा, पावसाळ्यात कपाटामागे भिंतीला बुरशी येते ती बघा. नाकावर लावायच्या चिकट पट्ट्या मिळतात, नाकाचा पुढचा भाग अरुंद असेल तर त्यांनी फरक पडतो, आधी एक पाकीट आणून बघा, एकदम डझनभर मागवू नका.

प्रश्न (सीवूड्स): माझा नवरा फक्त शुक्रवार-शनिवारी घोरतो. असं असू शकतं का?

उत्तर: असू शकतं, आणि शुक्रवारी काय असतं ते तुम्हाला माहितीये, म्हणूनच विचारताय! दारूने घशाचे स्नायू जास्त ढिले पडतात. शेवटचा पेग आणि झोप यात तीन-चार तास तरी जाऊ देत, आणि त्यावर रात्री उशिरा बिर्याणी नको. झोपेच्या गोळ्या आणि सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांचं पण असंच आहे, दारूबरोबर तर अजिबात नाही.

प्रश्न (नौपाडा): मी रिटायर्ड, वय ६६. मीच घोरतो, सौ. हॉलमध्ये झोपायला गेली. शंख वाजवल्याने घोरणं जातं असं वाचलं, तर रोज सकाळी वाजवायला लागलो. आता बिल्डिंगमध्ये तक्रारी. यात तथ्य आहे का?

उत्तर: काका, स्वतःबद्दल लिहिणारे तुम्ही एकटेच, आधी त्याबद्दल शाबासकी. तथ्य थोडं आहे. जयपूरच्या डॉक्टरांनी ३० पेशंटवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये छापून आला, झोपेत श्वास अडकण्याचा मध्यम त्रास असलेली माणसं होती ती. काहींनी सहा महिने, आठवड्याला पाच दिवस, दिवसाला किमान १५ मिनिटं शंख वाजवला, बाकीच्यांनी नुसता दीर्घ श्वासाचा व्यायाम केला, आणि शंखवाल्यांची दिवसाची पेंग जास्त कमी झाली, श्वास अडकणंही थोडं घटलं. अभ्यास लहान आहे हे लक्षात ठेवा, पण कल्पना नवी नाही. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं डिजेरिडू म्हणून लांब लाकडी वाद्य असतं, ते वाजवून असाच फायदा दाखवणाऱ्या संशोधकांना २०१७ चं इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. दोन्हीकडे तत्त्व एकच, जीभ, टाळू, घसा यांच्या स्नायूंना कसरत.

तर कसरतच करायची आहे तर आवाज न करता पण होते, बिल्डिंगवाले खूश. ब्राझीलमध्ये यावर नीट अभ्यास झालेत, तिथे वापरतात त्यातले सोपे सांगते. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवून टाळूवरून मागे सरकवत न्या, २० वेळा. पूर्ण जीभ टाळूला चिकटवून वर दाबून धरा, २० वेळा. टोक खालच्या पुढच्या दातांना टेकवून जिभेचा मागचा भाग खाली दाबा, २० वेळा. आरशात बघत नुसता ‘आ’ करून पडजीभ वर उचला, २० वेळा, आधी जमत नाही, मग जमतं. रोज, तीन महिने. दोन आठवड्यांत काही झालं नाही असं कळवू नका, कोणताच स्नायू दोन आठवड्यांत बनत नाही. शंख ठेवायचाच तर सकाळी आठनंतर, आणि हर्निया असेल, काचबिंदू असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर नकोच, जोर लागतो. आणि सौ.ना विचारा मधे तुमचा श्वास थांबतो का, तुम्हाला ते कळणार नाही.

प्रश्न (ऐरोली): रील्समध्ये तोंडाला टेप लावून झोपतात, नवऱ्याला लावू का?

उत्तर: नाही. तोंड उघडतं ते बहुतेक वेळा नाक बंद असतं म्हणून, आणि तुम्ही उरलेली वाट पण बंद करताय. नाकाचं बघा.

प्रश्न (कळवा): मिस्टर ४२, टेम्पो चालवतात, रबाळे-तुर्भे एमआयडीसीत फेऱ्या असतात. बीपीची गोळी चालू. खूप मोठ्याने घोरतात, मग एकदम शांत. मला वाटतं बरं झालं थांबले, आणि मग गुदमरल्यासारखा मोठ्ठा श्वास घेऊन परत सुरू. सकाळी डोकं दुखतं म्हणतात. सिग्नलला डुलकी लागते हे परवा त्यांनीच सांगितलं. घरगुती काय करता येईल?

उत्तर: ताई, यावर घरगुती काही करत वेळ घालवू नका. ते शांत होतात तेव्हा घोरणं थांबलेलं नसतं, श्वास थांबलेला असतो. वाट पूर्ण मिटते, छाती हलत असते पण हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू खडबडून जागा करतो, तो तुम्ही ऐकता तो मोठा श्वास. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. बप्पी लाहिरी २०२२ मध्ये गेले तेव्हा हेच नाव बातम्यांत आलं होतं. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला तर तो एक वेळ मोजतात, तासाला पाच वेळांपर्यंत चालवून घेतात, ३० च्या पुढे गंभीर. रात्रभर असं झालं की बीपी गोळीला दाद देत नाही, सकाळी डोकं जड, आणि दिवसा पेंग. कळव्यातच छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे, तिथल्या ईएनटी ओपीडीत जा, मोबाइलवर रात्रीचा व्हिडिओ काढून घेऊन जा, दहा वाक्यांपेक्षा त्याचा उपयोग होतो. मग स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजायची रात्रभराची तपासणी, सांगतील, काही पेशंटना ती घरी मशीन लावून पण करता येते.

त्रास मध्यम-गंभीर निघाला तर बहुतेक सीपॅप सांगतात, मास्कमधून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवणारं मशीन, १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पहिल्यांदा मांडलेलं. मास्क बघून माणसं घाबरतात, आयसीयू आठवतं, पण जमलं की आवाज त्याच रात्री बंद होतो. जोडीला वजन, कारण शर्टाची कॉलर १७ इंचांच्या पुढे गेलेल्या पुरुषांना हा धोका जास्त. वजन दहा टक्के उतरलं तर श्वास अडकणं सरासरी चौथ्या हिश्श्याने कमी होतं असं मोठ्या अभ्यासात दिसलंय, म्हणजे फायदा आहे पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. आणि तपासणी होईपर्यंत पेंग आली की गाडी बाजूला. ठाणे-बेलापूर रोडवर डुलकी म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. एखादी फेरी बुडली तर बुडू दे.

प्रश्न (खारघर): बायकोला सातवा महिना. आधी कधीच घोरायची नाही, आता रोज. नॉर्मल ना?

उत्तर: शेवटच्या तीन महिन्यांत नाक सुजतं, वजन वाढतं, त्यामुळे बऱ्याच जणी घोरतात. डाव्या कुशीवर झोपू दे, पोटाखाली आणि पाठीमागे उशी. पण पुढच्या तपासणीला हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, गरोदरपणात नव्याने सुरू झालेलं घोरणं आणि वाढलेलं बीपी कधी कधी जोडीने येतात. पाय-चेहरा सुजणं, जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही असेल तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

प्रश्न (नेरूळ): सगळं करून झालं, स्लीप स्टडी नॉर्मल, साधं घोरणं आहे म्हणाले. पण मला झोप पाहिजे! इअरप्लग चालतील का, लहान बाळ आहे, रडलं तर ऐकू येईल ना?

उत्तर: चालतील. प्लगने आवाज कमी होतो, बंद होत नाही, बाळ शेजारी असेल तर बहुतेक कळतं, पण पहिल्या काही रात्री एकाच कानात घालून बघा, दुसरा कान उशीवर येऊ देऊ नका. पंखा एक नंबरने वाढवला तरी त्याच्या सलग आवाजात घोरणं बरंचसं बुडतं. त्यांच्या अर्धा तास आधी तुम्ही झोपा, गाढ झोप लागल्यावर मग सुरू झालं तर तेवढी जाग येत नाही. आणि आठवड्यातून दोन रात्री बाळाला त्यांच्याकडे देऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपलात तर संसार मोडत नाही, बाहेर सांगायची पण गरज नाही, फक्त बाळ पाळण्यात ठेवा आणि त्या रात्री नवऱ्याने घेतलेली नसावी. फोमचे प्लग कानात फार खोल कोंबू नका, मळायला लागले की टाकून द्या, आणि कान दुखला किंवा वाहिला तर बंद करून दाखवायला या.