थीम राहू द्या, हॉलची पावती घेतलीत का?

"लेकीचा पाचवा वाढदिवस, सप्टेंबरचा शेवटचा रविवार, क्लबहाऊस फोनवर सांगून ठेवलंय, चाळीस मुलं, थीम सुचवा" हे वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. ताई, आधी खाली जाऊन पावती फाडून आणा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांचाही असाच होता. सोसायटीच्या ऑफिसात फोन केला, "टाकतो हो तुमचं नाव" म्हणाले, मी निर्धास्त. सहकारी सोसायट्यांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते, त्यामुळे शेवटच्या रविवारी जिकडेतिकडे सभा. नोटीस १४ दिवस फळ्यावर होती. लिफ्टची वाट बघत मी रोज तिच्याचसमोर उभा!

सभा चारची. कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब. मग पार्किंग, मग टेरेसची गळती. साडेपाचला बावीस पोरं टोप्या घालून लॉबीत आणि आत विषय क्रमांक सात. केकवरच्या क्रीमच्या डायनासोरची मान वाकत वाकत शेवटी मेणबत्तीवर टेकली. ऑफिसातले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पावती आहे का?" नव्हती. केक पार्किंगमध्ये कापला, दोन गाड्यांच्या मधे. मुलाला विचाराल तर तोच सगळ्यात भारी वाढदिवस. धुमसतोय तो मीच.

बाकी माझी मतं, पटली तर घ्या. चाळीस मुलं फार होतात. जादूगार अर्धा तास पुरे, पाच वर्षांची पोरं त्यापुढे बसत नाहीत. फुगेवाल्याला हीलियम की हायड्रोजन हे स्पष्ट विचारा. हायड्रोजन भडकतो आणि तुम्ही शेजारी मेणबत्त्या लावणार. थर्माकोलचा आकडा नको, सजावटीच्या थर्माकोलवर जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आपल्याकडे तर २०१८ पासूनच. रिटर्न गिफ्टमध्ये शिट्टी देऊ नका, खालच्या मजल्यावरचे काका अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.

आणि पितृपक्ष कधी आहे ते बघा. आमच्या आईने औक्षणाला ठाम नकार दिला होता, ते वेगळंच रामायण.

तुमचे सेक्रेटरी भले असतील तर हे सगळं सोडून द्या. तरी पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या, नुसतं "संध्याकाळी" नको.